मासवणची चाळीस ब्लँकेटं

१

मासवणच्या अलीकडे, सूर्या नदीच्या अंगाला वनबाल मंडळाचं वसतिगृह होतं. संक्रांतीच्या आधी थंडीने जो कडाका धरला, त्यात तिथली सात वर्षांची नवसी पहाटे झोपेतच गेली. डॉक्टर न्यूमोनिया म्हणाले. त्याच रात्री वसतिगृहाच्या कोठीतून चाळीस नवीकोरी ब्लँकेटं चोरीला गेली, असं अधीक्षक शिवाजी माने यांनी पोलिसांना सांगितलं. पोलिसांनी फार पाय झिजवले नाहीत. रात्रीचा राखणदार, जवळच्या पाड्यावरचा वारली देवू, याला उचललं, दोन दिवसांनी त्याने गुन्हा कबूल केला, आणि प्रकरण तिथं मिटलं.

तारापूरला मात्र ते पेटलं. अणुवीज केंद्राच्या बांधकामावर साताऱ्यापासून मालेगावापर्यंतचा माणूस राबत होता. त्या ब्लँकेटांसाठी त्या माणसांनी दसऱ्याला एकेक दिवसाची मजुरी काढून मंडळाला दिली होती. दिवाळीनंतर वसतिगृहात मोठा कार्यक्रम झाला, मुंबईच्या पाहुण्यांच्या हस्ते वाटप झालं, आणि आता त्यातलं एकही मुलांच्या अंगावर उरलं नव्हतं.

"जमादार, तुमी पोलिसात व्हता," कामगारांचा पुढारी आनंदा शेलार म्हणाला. "जाऊन बघा. त्या वारल्यानं माल कुठं घातला तेवढं काढा, मग आमी त्याच्या पाड्यावर जाऊन एकेक वढून आणतो."

जमादार म्हणजे पुंजाराम अहिरे. नाशिक जिल्ह्यात पोलिसात जन्म काढून निवृत्त झालेला, आता एका ठेकेदाराच्या गोदामावर पहाऱ्याचा मुख्य. दसऱ्याला मजुरी गोळा करायची पेटी घेऊन फाटकावर तोच उभा होता. पेटीत पैसे टाकताना माणसांनी मंडळाकडे पाहिलं नव्हतं, त्याच्या तोंडाकडे पाहिलं होतं. त्यामुळे कोणी सांगितलं नसतं तरी तो गेलाच असता.

माने गुरुजींनी त्याला कोठी दाखवली. चाळिशीचा, सडपातळ, सतत हात चोळणारा माणूस. कोठी लहानशी होती. भिंतींना पांढरा चुना, एका बाजूला ज्वारीची पोती, गोडेतेलाचे दोन डबे, साखरेचं अर्धं पोतं आणि मोकळी फळी. खिडकीचे दोन गज वाकवलेले होते.

"ब्लँकेटं या फळीवर होती," गुरुजी म्हणाले. "चार गठ्ठे. कार्यक्रमापासून इथंच."

"कार्यक्रमापासून? मग मुलं काय पांघरत होती?"

गुरुजींचे हात थांबले. "आपापल्या गोधड्या. मुंबईची मंडळी तपासणीला यायची होती. तोवर नवी ठेवा, असं ठरलं होतं."

"म्हणजे पोर काकडत होतं आणि पलीकडच्या खोलीत चाळीस ब्लँकेटं घडी करून ठेवली होती."

पुंजारामला शिसारी आली. पण शिसारी आली म्हणून नजर हटवायची नाही, ही त्याची नोकरीतली सवय. त्याने फळीवरून तळहात फिरवला. भिंतीला नाक लावून कोपरान् कोपरा पाहिला. मग तेलाचा डबा उचलून वजन घेतलं.

"देवूच्या घरात खायला काय असतं, गुरुजी?"

"काय असणार? नाचणीची आंबील, नाहीतर कंदमुळं."

"आणि त्याने तेल सोडलं, साखर सोडली. लांबून ओळखू येतील अशी लाल ब्लँकेटं तेवढी उचलली."

गुरुजींनी खांदे उडवले. पण पुंजारामचं मन भिंतीवर होतं. मजुरांच्या चाळीसाठी आलेली असली स्वस्तातली लाल ब्लँकेटं त्याने गोदामात गाडीभर हाताळली होती. नवा माल केस सोडतो. फळीला, चुन्याच्या खरबरीत भिंतीला, माणसाच्या मिशीला लाल तुसं चिकटतात आणि महिना महिना हटत नाहीत. ही भिंत दुधासारखी पांढरी होती.

या कोठीत ब्लँकेटं कधी ठेवलीच गेली नव्हती.

आणि तरीही चाळीसच्या चाळीस मुलांना एकेक ब्लँकेट मिळताना त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तो समोर, तिसऱ्या रांगेत बसला होता.

२

मंडळाची कचेरी पालघर स्टेशनजवळ एका वखारीच्या माडीवर होती. चिटणीस हरेश्वर चुरी तिथं एकटेच बसलेले असत. पालघरजवळच्या माहीमकडच्या बागायतदार वाडवळ घरातला माणूस. वकिली सोडून वीस वर्षं आदिवासी मुलांच्या मागे लागला होता. कोटाच्या कोपराला ठिगळ, पायात टायरची चप्पल. लाच खाणाऱ्या माणसाचा एक तुकतुकीतपणा असतो, तो पुंजारामने पुष्कळ पाहिला होता. इथं त्याचा मागमूस नव्हता.

"मला तुमचा राग कळतो," चुरी म्हणाले. "पण हिशेब चोख आहे. ही मनोरच्या दुकानाची पावती. चाळीस नग, रोख." त्यांनी पावती पुढे केली. सही, शिक्का, सगळं जागच्या जागी.

"मी कागद बघायला आलो नाही, साहेब. कागद नेहमी बरोबरच असतात." पुंजारामने भिंतीकडे बोट केलं. "ते फोटो कार्यक्रमाचे?"

चुरींचा चेहरा उजळला. ते उठले आणि त्यांनी चौकटी खाली काढल्या. पहिल्या फोटोत गळ्यात हार घातलेले मुंबईचे पाहुणे वाकून एका चिमुरडीच्या हातात ब्लँकेट देत होते. पोरीने ते दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं आणि ती फोटोवाल्याकडे न बघता ब्लँकेटकडेच बघत होती. शेजारी टेबलावर ब्लँकेटांची थप्पी. दुसऱ्या फोटोत तेच पाहुणे, तेच टेबल, तीच थप्पी, आणि पुढे एक उंच, मिसरूड फुटू लागलेला मुलगा.

"ही नवसी," चुरी हळू आवाजात म्हणाले. "सगळ्यात लहान, म्हणून पहिला मान तिला. उंचीप्रमाणे रांग लावली होती. हा बुधा, सगळ्यात शेवटचा. त्यानंतर लगेच आभार झाले. फार शिस्तीत झाला हो कार्यक्रम."

"पडदा कसला हा मागे?"

"रंगमंचाचा. मुलं एका बाजूने यायची, ब्लँकेट घ्यायची, नमस्कार करायची आणि पडद्याआडून खाली उतरायची."

पुंजारामने दोन्ही फोटो दोन दिवसांसाठी मागून घेतले. जिना उतरून तो स्टेशनसमोरच्या घड्याळजीकडे गेला, त्याची डोळ्याला लावायची काच मागितली आणि दुकानाच्या पायरीवर उन्हात बसला.

थप्पी दोन्ही फोटोंत सारख्याच उंचीची होती. आधी त्याला वाटलं, टेबलाखालून भर घातली असेल. मग तो ब्लँकेटांच्या कडा बघू लागला. प्रत्येकाला एक रुंद पांढरा पट्टा होता. नवसीच्या हातातल्या ब्लँकेटचा पट्टा मध्येच तुटलेला होता. मागावर धागा सुटून गेला असावा. दातांच्या रांगेतला एक दात पडल्यासारखी बोटभर काळी फट दिसत होती, आणि तिच्या टोकाला एक सुटा दोरा लोंबत होता.

पुंजारामने काच बुधाच्या फोटोवर धरली. तोच पट्टा. तीच फट. तोच लोंबता दोरा.

पहिल्या मुलीला दिलेलं ब्लँकेट शेवटच्या मुलालाही दिलं गेलं होतं.

३

चौकीवरच्या शिपायाने जुन्या खात्याची ओळख म्हणून पुंजारामला देवूजवळ पाच-दहा मिनिटं बसू दिलं. देवू भिंतीला टेकून बसला होता. उजवा पंजा सुजून भाकरीएवढा झाला होता.

"कबूल केलंस म्हणे."

"मारला, मंग केला. इचारलं, माल कुठं टाकला. मी काय सांगू? बोललो, खाडीत. ते बोलले, बरोबर हाय."

"त्या रात्री तू होतास कुठे?"

"मी नवतोच जमादार. पोरीची छाती वाजत होती, घर्र घर्र. गुरुजी बोलला, देवू, जा, तिच्या आयशीला घेऊन ये. मी रातचा डोंगरावर गेलो. तिची आय बायडी, तिला घेऊन उजाडता आलो, तवर पोर गेलेली."

"हे पोलिसांना सांगितलं नाहीस?"

"बोललो. त्यांनी लिवलंच नाय." देवूने सुजलेला पंजा दुसऱ्या हातावर ठेवला. "गुरुजी येऊन सांगंल, असं वाटलं. तो आला नाय."

चोरी झाली म्हणतात त्या वेळी देवू वसतिगृहात नव्हता, आणि हे ज्याला पक्कं ठाऊक होतं तो माणूस पाच दिवस हात चोळत गप्प बसला होता. पुंजाराम बाहेर आला. त्याने तडक मनोरची एस.टी. धरली.

पावतीवरचं दुकान बाजारपेठेच्या टोकाला होतं. म्हातारा कापडवाला गल्ल्यावर बसला होता.

"लाल ब्लँकेट हवं. पांढऱ्या पट्ट्याचं," पुंजाराम म्हणाला. "जरा डागी असलं तरी चालेल, गरीब माणसासाठी आहे."

"आहे ना, साहेब. डागीच एक पडलंय. कोणी घेत नाय." म्हाताऱ्याने गठ्ठ्याच्या तळातून एक ब्लँकेट ओढून फेकलं. पट्ट्यात बोटभर फट होती. दोरा अजून लोंबत होता.

पुंजारामने शेजारी नवसीचा फोटो ठेवला. म्हाताऱ्याने फोटो पाहिला, ब्लँकेट पाहिलं, आणि गल्ल्याचं झाकण बंद केलं.

"मी काय चोरी नाय केली," तो म्हणाला. "चुरीसाहेब साधू माणूस. म्हणाले, शेठ, दहा नग एका दिवसापुरते द्या, भाडं घ्या. आणि पावती चाळीसची करून ठेवा. मुंबईचा चेक आला का चाळीस उचलतो. साधू माणसाला नाय कसं म्हणायचं?"

"चेक आला?"

म्हाताऱ्याने नकारार्थी मान हलवली आणि ते ब्लँकेट पुन्हा घडी घालायला घेतलं.

४

दहा ब्लँकेटं चाळीस मुलांत कशी फिरली, हे आता कळलं होतं. फिरवली कोणी, ते सांगू शकेल असं गुरुजींखेरीज वसतिगृहात एकच माणूस होतं, स्वयंपाकीण. पुंजाराम परतताना मासवणला उतरला.

रंभाबाई वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होती. नगरकडची विधवा बाई, पाच-सहा वर्षं इथं चूल सांभाळून होती. पुंजारामने दोन्ही फोटो तिच्या सुपाशेजारी ठेवले आणि काही विचारलं नाही.

तिने आधी पदराला हात पुसले. मग नवसीच्या फोटोवरून बोट फिरवलं, आणि बोट तिथंच राहिलं.

"पडद्यामागं मीच व्हते," ती म्हणाली. "पोरगं आलं की त्याच्या हातनं ब्लँकेट घ्यायचं, टेबलामागनं पुन्हा वर सरकवायचं. चुरीसाहेबांनी समजावलं व्हतं, रंभाबाई, आज एवढं निभावून न्या, म्हैन्याभरात पक्की इमारत हुईल, पोरांना खाटा येतील, ब्लँकेटं तर काय. मला खरंच वाटलं. त्यांनलाबी खरंच वाटत व्हतं."

"मुलं काही बोलली नाहीत?"

"मोठ्या पोरांना काय, त्यांनला सवय हाय. दिलेलं काढून घेत्यात, हे त्यांनला ठाव असतं. ही मातर सोडंना." तिने फोटो जवळ ओढला. "पयली हीच आली ना. ब्लँकेटात तोंड खुपसून हुबी. म्हनली, हे माजं हाय, त्या बाबानं माला दिलं. भाईर टाळ्या वाजत व्हत्या, दुसरं पोर यायला निघालेलं. मी तिची बोटं एकेक करून सोडवली, जमादार. एकेक करून."

अंगणात मुलं नळाशी भांडी घासत होती. त्यांचा आवाज तेवढा येत राहिला.

"खिडकीचे गज?" पुंजारामने विचारलं.

"डॉक्टर आलं, पोरीला बघितलं, आन् पाड्यावरच्या मानसांदेखत वराडलं, कामगारांनी दिलेली ब्लँकेटं कुठायत? गुरुजीच्या तोंडातनं गेलं, रात्री चोरी झाली. डॉक्टर गेल्यावर गुरुजी कोठीत गेला न् आतनं कडी लावली. पहारीचा आवाज मी हितं बसून ऐकला. पोर तवा वसरीवर निजवलेली व्हती. तिची आई तिच्या उशाशी बसली व्हती. तिनंबी ऐकला असंल."

"हे चारचौघांत सांगाल?"

रंभाबाईने सूप बाजूला सारलं. "मला इथनं काढतील."

"काढतील."

"मग कुठं जाऊ?"

पुंजारामने दोन्ही फोटो उचलून काखेत घेतले. मग तीच म्हणाली, "कवा यायचं ते सांगा."

५

रविवारी दुपारी चुरींच्या माडीवर सगळे जमले. आनंदा शेलार दोन कामगारांना घेऊन आला होता. फौजदार खुर्ची मागे रेलून बसला होता. माने गुरुजी दाराशी, रंभाबाई जिन्याच्या पायरीवर. पुंजारामने टेबलावर दोन फोटो ठेवले आणि त्यांच्यावर मनोरहून विकत आणलेलं ते डागी ब्लँकेट.

त्याने फार लांबण लावली नाही. कोठीच्या भिंतीवर एक लाल तूस नाही, म्हणजे माल तिथं आलाच नाही. एकाच ब्लँकेटने पहिल्या आणि शेवटच्या मुलाला गाठलं, म्हणजे वाटप झालंच नाही. जे नव्हतंच, ते चोरीला जाऊ शकत नाही. आणि ज्या राखणदाराला पोलिसांनी धरलं, त्याला त्याच रात्री स्वतः गुरुजींनी डोंगरावर धाडलं होतं. मुलीची आई त्याची साक्षीदार आहे.

गुरुजी दारातच खाली बसले. "मी देवूचं नाव घेतलं नव्हतं," ते म्हणाले. "देवाशपथ घेतलं नव्हतं. पोलिसांनीच त्याला धरला. मला वाटलं, दोन दिवसांत सोडतील. मग त्याने कबूल केलं म्हणाले. मी तेव्हा काय सांगणार होतो?"

"खरं," रंभाबाई पायरीवरून म्हणाली.

फौजदाराने खुर्चीचे पुढचे पाय खाली टेकवले आणि खिडकीबाहेर पाहिलं.

आनंदा मात्र उसळला. "मजी पैसं तुमी खाल्लं, चुरीसाहेब! साधूचं सोंग आन् पोरांच्या टाळूवरचं लोणी!"

चुरी एवढा वेळ ब्लँकेटकडे बघत होते. आता त्यांनी मान वर केली. "मी एक पैसा घेतला नाही," ते म्हणाले. "कुठे गेले ते मला तोंडपाठ आहे, ऐका. मंडप आणि वाजंत्री. मुंबईहून पाहुण्यांची मोटार. तुमच्या कामगारांच्या नावाचा संगमरवरी फलक. तारापूरहून तुम्हाला आणायला तीन ट्रक. आणि दोनशे माणसांचं जेवण. आनंदा, मी तुम्हाला म्हणालो होतो, ब्लँकेटं घेऊ आणि बैलगाडीतून पोचती करू. तुम्ही काय म्हणालात?"

आनंदाने तोंड फिरवलं.

"म्हणालात, आमची माणसं घाम गाळतात, त्यांना बघायला मिळालं पाहिजे. मोठ्या माणसाच्या हातून झालं पाहिजे. फलक लागला पाहिजे. त्यात पाहुण्यांचा निरोप आला, कार्यक्रम मनासारखा झाला तर इमारत बांधून देतो. मला वाटलं, चाळीस ब्लँकेटं आज नसली तर काय, उद्या चाळीस खाटा येतील. वीस वर्षं मी दारोदार फिरलोय. गुपचूप केलेल्या कामाला कोणी दमडी देत नाही. मांडव घातला की देतात." त्यांचा आवाज खाली आला. "पाहुण्यांनी नंतर एका पत्राला उत्तर दिलं नाही."

"थंडी पडली तेव्हा तरी दहा ब्लँकेटं उचलायची होती," पुंजाराम म्हणाला. "उधारीवर."

"पावती चाळीसची होती. दहाच घेऊन गेलो असतो तर बाकीची कुठे, हे मुलांनीच विचारलं असतं."

पुंजारामने आयुष्यभर चोर पकडले होते. चोर सापडला की त्याच्या खिशात काहीतरी सापडतं, निदान त्याच्या बायकोच्या अंगावर तरी. इथं ठिगळाचा कोट होता आणि आत काही नव्हतं. माल सगळ्यांच्या पोटात गेला होता. त्याच्यासुद्धा.

"आता कसं करायचं?" सोबतच्या एका कामगाराने आनंदाला विचारलं.

आनंदाने घसा खाकरला. "आता मानसांना काय सांगायचं? तुमचं पैसं तुमीच जेवलात? उद्या कोणी वर्गणी देणार न्हाई." तो पुंजारामकडे वळला, पण नजर भिडवेना. "देवूला सोडवा. बाकी हितल्या हितं राहू दे, जमादार. पोर काय परत येत न्हाई."

आणि तसंच झालं. ब्लँकेटं हिशेबाच्या चुकीने दुसरीकडे गेली होती, असा कागद फौजदाराने करून घेतला. चुरींनी प्रकृतीच्या कारणाने राजीनामा दिला. माने गुरुजी आपल्या गावी निघून गेले. कागदावर रंभाबाईचं नाव कुठेच आलं नाही, तरी मंडळाने तिला महिनाअखेरीस येऊ नका म्हणून सांगितलं. फलक भिंतीवर तसाच राहिला.

६

देवू सुटला त्या दिवशी पुंजाराम त्याच्याबरोबर डोंगरावर गेला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. नवसीच्या आईला चोरीचीच गोष्ट ठाऊक होती, आणि ती तशीच राहू द्यायची त्याची तयारी नव्हती.

बायडी दारात उखळाशी नाचणी कांडत होती. बाई हाडकुळी, वय कळू नये अशी. देवूने तिला आपल्या बोलीत काहीतरी सांगितलं. तिने त्याच्या पंज्याकडे पाहिलं, मग पुंजारामकडे.

"बाय, ब्लँकेटं चोरीला गेली नव्हती," पुंजाराम म्हणाला. "ती घेतलीच नव्हती. आम्ही कामगारांनी पैसे दिले होते. ते कार्यक्रमात गेले. मांडव, ट्रक, जेवण."

"जेवान कोनी केला?"

"आम्ही."

ती मुसळ धरून उभी राहिली. राग येईल, शिव्या देईल, रडेल, यातल्या कशाचीही पुंजारामने तयारी ठेवली होती.

"काय होता जेवनात?"

"पुरी. बटाट्याची भाजी. जिलबी."

"नवसीला गोड लय आवडं," बायडी म्हणाली. "तिला भेटला काय?"

पुंजारामने आठवून पाहिलं. मुलांची पंगत शेवटी बसणार होती. कामगारांचे ट्रक दिवस मावळायच्या आत निघायचे होते, म्हणून मोठी माणसं आधी जेवली. तो हात धुऊन ट्रकवर चढला तेव्हा मुलं पत्रावळी मांडत होती.

"मला ठाऊक नाही, बाय."

"देवू बोलं, तू समद्यांना इचारत फिरलास." तिच्या आवाजात टोमणा नव्हता, नुसतं नवल होतं. "ह्या नाय इचारलास?"

पुंजाराम माघारी वळला. डोंगर उतरून वसतिगृहाशी आला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. रंभाबाई आपलं बोचकं बांधत होती. त्याने उंबऱ्यातूनच विचारलं.

"जिलबी सरली व्हती," ती म्हणाली. "शेवटच्या ट्रकवाल्यांनी पत्रावळीत बांधून नेली. परातीत पाक उरला व्हता, त्यो मी पोरांना पुरीवर घालून दिला. नवसीनं दोनदा मागितला."

"दिलात?"

"दिला की."

तो पुन्हा डोंगर चढला. गुडघे बोलत होते आणि वाटेत दोनदा बसावं लागलं. बायडी अजून उखळाशीच होती. रंभाबाईने सांगितलं ते त्याने शब्दाला शब्द सांगितलं. जिलबी सरली होती हेही सांगितलं आणि ती कोणी नेली हेही.

बायडीने सगळं ऐकून घेतलं. "दोनदा मागितला," ती स्वतःशीच म्हणाली. मग तिने मुसळ भिंतीला लावलं आणि देवूकडे वळली.

"याला पानी दे रे. दोन येळा डोंगर चढलाय."